यात्रेतली कुस्त्यांची दंगल: आखाडा, जोड आणि लिंकनच्या कुस्तीतला घोळ

आपल्या खान्देशात यात्रेच्या दंगलीतली बहुतेक भांडणं एकाच वाक्यानं सुरू होतात: "असं ठरलं नव्हतं." माती जरा कडक होती, ढोलवाले मध्येच उठून गेले, पाहुणे तासभर उशिरा आले, हे सगळं लोक विसरतात. ठरल्याबाहेरचा डाव आणि ठरल्यापेक्षा कमी निघालेलं इनाम मात्र पुढच्या यात्रेपर्यंत पारावर चघळलं जातं.

असा घोळ घालायला खान्देशच लागतो असं नाही. 1831 साली अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात, सँगमन नदीकाठच्या न्यू सालेम या वस्तीत एक कुस्ती झाली. तिचा निकाल अजून लागलेला नाही. एका बाजूला होता 22 वर्षांचा अब्राहम लिंकन, डेंटन ऑफट नावाच्या व्यापाऱ्याच्या दुकानातला कारकून, सहा फूट चार इंच उंच. दुसऱ्या बाजूला क्लेरीज ग्रोव्ह या शेजारच्या वस्तीतल्या दांडग्या पोरांचा म्होरक्या जॅक आर्मस्ट्राँग, उंचीनं कमी पण अंगानं भरलेला आणि त्या भागात गाजलेला. ऑफटला आपल्या कारकुनाची फुशारकी मारायची भारी हौस. ती ऐकून पैजा लागल्या, माणसं जमली, आणि दोघं भिडले.

पुढं काय झालं याच्या तीन गोष्टी आहेत. लिंकननं आर्मस्ट्राँगला पाडलं, ही पहिली. दोघंही पडले नाहीत, बरोबरीत सुटली, ही दुसरी. तिसरी आपल्या कामाची: बाजूनं कंबर धरून लढायचं असं ठरलं होतं, आणि पकड हाताला लागेना म्हणून आर्मस्ट्राँगनं ती सोडून पायाला हात घातला. आपल्या आखाड्यात याला एकेरी पट म्हणतात आणि बारा वर्षांचं पोरगंही तो काढतं. तिथं तो फाऊल होता, निदान लिंकनच्या बाजूचे तसं म्हणत होते. पंच कोण होता, पडणं कशाला म्हणायचं, पाय धरायचा की नाही, यातलं काहीच कागदावर नव्हतं. लिंकनचा वकिलीतला भागीदार विल्यम हर्नडन यानं 1865 नंतर न्यू सालेमच्या म्हाताऱ्यांना गाठून या आठवणी गोळा केल्या, तोवर तीस-पस्तीस वर्षं उलटली होती. मग प्रत्येकानं आपापला निकाल सांगितला.

म्हणून दंगल भरवायची तर सुरुवात मातीपासून करू नका. आधी कागद करा.

कागद

यात्रा समितीची बैठक दंगलीच्या किमान वीस दिवस आधी घ्या आणि तीत गावातले दोन जुने वस्ताद बसवा. सरपंच, पोलीस पाटील, देणगीदार असतातच, पण कुस्ती कळणारी माणसं दोनच असली तरी नियम त्यांच्याकडूनच लिहून घ्या. एका पानात मावेल एवढंच लिहायचं, नाहीतर कोणी वाचत नाही.

पहिली ओळ चितपटीची. दोन्ही खांदे एकाच वेळी मातीला टेकले तर चितपट. कुशीवर पडला, गुडघ्यावर आला, पोटावर पडला, तर कुस्ती चालू. पुलावर गेलेला पहिलवान, म्हणजे डोकं आणि पाय टेकवून पाठ उचलून धरलेला, पडलेला नाही. ही सगळी वाक्यं लिहाच. "चितपट म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे" असं म्हणणारा माणूस हरल्यावर सगळ्यात आधी उठतो.

मग वेळ. लहान मुलांच्या कुस्तीला पाच मिनिटं, मधल्या जोडींना दहा, मानाच्या कुस्तीला वीस. वेळ संपल्यावर काय, हेही त्याच ओळीत. बरोबरी द्यायची की पहिला ताबा घेणारा विजयी, यातलं काहीही ठरवा, पण एकच ठरवा आणि सगळ्या जोडींना तेच लावा. मानाच्या कुस्तीला वेगळा नियम असेल तर तो आदल्या दिवशी दोन्ही वस्तादांकडून मान्य करून घ्या. मैदानात उतरल्यावर विचारलं तर ज्याचा मल्ल दमलाय तो एक सांगतो, ज्याचा ताजा आहे तो दुसरं.

डावांत फार शिरू नका. पट, ढाक, टांग, घिस्सा, कलाजंग, लांग, धोबीपछाड सगळं चालतं. जांघियाला पकड चालते. काय चालत नाही ते लिहा: गळा आवळणं, बोटं मुरगळणं, केस धरणं, डोळ्यात माती टाकणं, गुडघा किंवा कोपर मारणं, आणि समोरच्याला डोक्यावर आपटणं. पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा कुस्ती गेली. लिंकनच्या काळी त्या सरहद्दीवरच्या वस्त्यांत कुस्तीचे दोन-तीन प्रकार एकमेकांत मिसळलेले होते. कुठं कॉलर आणि कोपर धरून, कुठं बाजूनं कंबर धरून, आणि कुठं चावणं-ओरबाडणंही चालणारी धुमश्चक्री. त्यामुळं "कुस्ती" हा शब्द दोघांनी उच्चारला तरी दोघांच्या मनात एकच खेळ असेल याची खात्री नसे. आपल्याकडं आता तसंच होतंय. तालमीत मातीवर वाढलेला मल्ल आणि गुणांच्या गादीवर वाढलेला मल्ल एकाच जोडीत येतात. गादीवाल्याला वाटतं, रिंगणाबाहेर ढकलला की गुण. मातीवाल्याला वाटतं, बाहेर गेला तर मध्ये आणून पुन्हा लावतील. हे दोन ओळींत लिहून टाका.

हा कागद फळ्यावर मोठ्या अक्षरात उतरवा आणि आखाड्याच्या तोंडाशी लावा. दंगल सुरू होण्याआधी माइकवर एकदा वाचा.

पोलीस ठाण्याचं परवानगीपत्र, ग्रामपंचायतीचा ठराव, ध्वनिक्षेपकाची परवानगी हे त्याच बैठकीत एकाच्या गळ्यात घाला. रात्री दहानंतर माइक बंद, त्यामुळं कार्यक्रम साडेनऊपर्यंत आटोपेल असाच आखा.

माती

खान्देशातली अडचण इथं आहे. गावाच्या चारी अंगांना काळी कपाशीची जमीन. ती आखाड्याला चालत नाही. ओली झाली की अंगाला आणि जांघियाला चिकटते, वाळली की तडकते आणि तिची ढेकळं दगडासारखी लागतात. वर कितीही तेल-हळद घाला, दोन तासांत गुण दाखवते. खारवट जमिनीची मातीही नको. खरचटलेल्या कातडीला ती झोंबते आणि पोरं डाव सोडून खाजवत बसतात.

तांबडी, मऊ माती मिळाली तर सगळी तीच घ्या. नाही मिळाली तर तापी-गिरणा-पांझरेच्या काठचा पोयटा घ्या. दोन भाग पोयट्यात एक भाग गावठाणातली पांढरी मिसळली तरी चालतं, पण पांढरीत खापरं, काचा, हाडांचे तुकडे असतात, ती दोनदा चाळावी लागते. नदीकाठची माती उचलायला तलाठ्याला विचारून तहसीलची परवानगी घ्या. ट्रॅक्टर अडला की दंगलीचे आठ दिवस जातात.

किती लागेल? गोल आखाडा 25 फूट व्यासाचा आणि एक फूट खोल धरला तर सुमारे 490 घनफूट, म्हणजे पाच ब्रासला थोडी कमी. सुटी माती पाणी आणि पायांनी बसते, म्हणून सहा ब्रास मागवा. मोठी ट्रॉली साधारण एक ब्रासची असते, पण गाडीवाल्याच्या शब्दावर जाऊ नका. ट्रॉलीची लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजून गुणाकार करा, शंभरानं भागा. व्यास 30 फूट केला की हाच हिशेब सात ब्रासवर जातो आणि बसणारी माती धरून नऊ ब्रास होतो. पहिल्यांदाच भरवत असाल तर 25 पुरे.

खाली काळी जमीन असेल तर आधी एक फूट उकरा, तळाला तीन इंच मुरूम टाकून पाणी मारा आणि धुमसानं ठोका. नाहीतर खालची काळी फुगते-तडकते आणि वरची माती ठिकठिकाणी खचते. पहिलवानाचा पाय अशा खचलेल्या जागी गेला की घोटा जातो. कडेला विटा किंवा दगड लावू नका. कुट्टीनं भरलेली पोती एकाला एक टेकवून वर्तुळ करा. ज्वारीच्या कडब्याची कुट्टी गावात मिळतेच, आणि दंगल झाली की ज्याची त्याला परत.

चाळायला पाव इंची जाळी. चाळून झाल्यावर दोरीला मोठं लोहचुंबक बांधून मातीवरून फिरवा. चाळणीतून सुटलेले खिळे आणि तारेचे तुकडे त्याला चिकटून वर येतात. हे दहा मिनिटांचं काम टाळणारे बरेच असतात.

सहा ब्रासला लागणारं सामान असं: हळद 12 किलो, तिळाचं किंवा शेंगदाण्याचं तेल 15 लिटर, ताक 60 लिटर, लिंबं 300, कापूर 1 किलो, सावलीत वाळवून चुरलेला कडुनिंबाचा पाला दोन पोती. प्रमाण गावोगाव बदलतं आणि प्रत्येक वस्ताद आपलंच खरं म्हणतो. त्यात दोन गोष्टी मात्र सगळीकडं सारख्या बिघडतात. तेल जास्त झालं की पकड सुटते आणि चांगल्या मल्लाचे डाव वाया जातात. ताक उशिरा घातलं की दंगलीच्या दिवशी वास सुटतो. म्हणून ताक आणि तेल किमान आठ दिवस आधी घाला, आणि मग दर तिसऱ्या दिवशी फावड्यानं खालची वर, वरची खाली करा. लिंबं आणि कापूर शेवटच्या दोन दिवसांत.

पाणी आदल्या संध्याकाळी द्या, झारीनं, दोनशे ते अडीचशे लिटर. पाइप सोडला तर एका जागी डबकं होतं. सकाळी मूठभर माती घेऊन दाबा. लाडू बनला पाहिजे आणि अंगठ्यानं टिचकी मारली की फुटला पाहिजे. लाडू होतच नसेल तर पाणी कमी, बोटांना चिकटत असेल तर जास्त. जास्त झालं असेल तर वर कोरडी माती टाकू नका, खालची ओल तशीच राहते. फावड्यानं उलटी करून तासभर उघडी ठेवा.

चैत्र-वैशाखात, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास दंगल असेल तर जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा सहज 43-44 वर जातो. सकाळची ओल दुपारी दोनला गेलेली असते आणि वरची माती तळव्याला चटका देते. सकाळी दहापासून ओल्या बारदानानं किंवा ताडपत्रीनं आखाडा झाका, तीनला काढा, एक हलका शिडकावा द्या, फावडं फिरवा, आणि चारला नारळ फोडा. कुस्ती सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी पाणी मारण्याची चूक करू नका. वर चिखल आणि खाली कडक, अशा मातीत पहिल्या जोडीतच कोणीतरी घसरतं.

प्रेक्षकांची दोरी पोत्यांपासून दहा फूट मागं. तरुण मंडळी दोरीखालून सरकत पुढं येतात, म्हणून चार दांडगे स्वयंसेवक आत ठेवा आणि त्यांना कुस्ती बघायची नाही हे आधीच सांगा.

जोड

दंगलीची अर्धी अब्रू जोड लावणाऱ्याच्या हातात असते. आखाड्याभोवती फेरी मारून हात वर करणारा मल्ल आणि त्याच्या हाताला हात देणारा दुसरा, ही रीत देखणी आहे आणि राहू द्या. पण हात देण्याआधी दोघांचं वजन झालेलं असलं पाहिजे.

वजनकाटा मातीवर ठेवू नका. मऊ जागी तो चुकीचं दाखवतो. सपाट फरशीवर किंवा जाड फळीवर ठेवा आणि वीस किलोचं माप ठेवून तपासा. प्रत्येकाला चिठ्ठी द्या: नाव, गाव, वय, वजन, वस्तादाचं नाव. अठराच्या आतल्याला बापाची किंवा वस्तादाची सही. मुलांच्या जोडीत दोन किलोपेक्षा जास्त फरक नको, मोठ्यांत पाच. वरच्या वजनात, नव्वदच्या पुढं, आठ-दहा किलो चालतात, कारण तिथं कस आणि दम जास्त बोलतो.

उंचीचा बाऊ करू नका. लांब पाय-हातांचा मल्ल वजनात बसत असेल तर त्याला आखूड, भरीव मल्लाशी लावायला हरकत नाही. लिंकन-आर्मस्ट्राँगची जोड अशीच होती. उंचाला हाताची लांबी मिळते, पण कंबर वर असते, त्यामुळं खाली घुसणाऱ्याचा पट त्याला लवकर लागतो. आर्मस्ट्राँगचा हात पायाकडं गेला तो उगाच गेला नव्हता. तुमच्या तालमीत असं लांबट पोरगं असेल तर त्याला टांग आणि ढाक पक्के करून द्या, पटाच्या मागं लावू नका.

कोणती जोड आधी? लहान मुलं पहिली, नारळ-रेवडीवर आणि वीस-पन्नास रुपयांवर. मग चढत्या इनामानं. मुलींच्या कुस्त्या मधे ठेवा, शेवटी ढकलू नका. अंधारात आणि घाईत त्या उरकल्या जातात. त्यांना कपडे बदलायला बंद खोली आणि शक्यतो महिला पंच. एका कुस्तीला सरासरी पाच मिनिटं आणि पुकारा, इनाम, पाणी यांना दोन मिनिटं धरा. तीस जोडींना साडेतीन तास लागतात. चारला सुरू केलं तर साडेसात होतात, म्हणजे शेवटच्या जोडी अंधारात. दिवे चारी कोपऱ्यांत, अठरा-वीस फुटांवर. एकाच बाजूनं उजेड सोडला तर पडणाऱ्याचा खांदा नेमका सावलीत जातो, आणि मग ती कुस्ती पंचाची राहत नाही, गर्दीची होते.

ऐनवेळी आलेल्या मोठ्या नावाच्या मल्लासाठी ठरलेली जोड मोडायची नाही. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरींनी 2014, 2015 आणि 2016 असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी जिंकला, तेव्हापासून आपल्याकडं प्रत्येक यात्रेला "एखादा केसरी" हवा असतो. आणा जरूर. पण त्याची जोड पंधरा दिवस आधी बांधा, आणि समोरचा त्याच्या तोडीचा नसेल तर कुस्ती लावण्याऐवजी त्याच्या हस्ते इनाम द्या. दोन मिनिटांत निकाल लागलेली मानाची कुस्ती लोकांना पैसे बुडाल्यासारखी वाटते.

पंच

आत दोन, बाहेर एक. आतल्या दोघांपैकी एक उभा राहतो, दुसरा गुडघ्यावर येतो. उभ्या पंचाला पाडाव दिसतो, बसलेल्याला खांदा.

तो क्षण असा असतो. खालचा मल्ल एका खांद्यावर आहे, दुसरा खांदा मातीपासून दोन बोटं वर. वरचा मल्ल हप्ता नावाची पकड भरून त्याला दाबतोय. लोक उठलेत, ढोल चढलाय, बाहेरून "झाली, झाली!" ओरडतायत. बसलेला पंच हाताचा पंजा उताणा करून त्या वरच्या खांद्याखाली सरकवतो. पंजा आत जातोय तोवर कुस्ती चालू. पंजा अडकला, माती आणि कातडीच्या मध्ये जागा उरली नाही, की तो दुसरा हात आपटतो. हा पंजा सरकवण्याचा सराव पंचांनी आधी तालमीत दहा-वीस वेळा करावा. नवा पंच लांबून, पायांच्या बाजूनं बघतो आणि अंदाजानं हात वर करतो. डोक्याच्या बाजूनं बघा, दोन्ही खांदे एका ओळीत दिसतात.

बाहेरच्या पंचाचं काम एकच: आतले दोघं वेगळं बोलले तर निर्णय देणं. त्यानं नातेवाइकांत बसू नये. पंच ज्या गावचा, त्या गावचा मल्ल असेल तर त्या जोडीपुरता पंच बदला. माइकवरच्या निवेदकाला निकाल सांगायचा अधिकार नाही, तो पंचाचा हात वर झाल्यावरच बोलतो. एवढं पाळलं तरी निम्मी भांडणं वाचतात.

निकालावर आरडाओरड झालीच तर? 1832 च्या ब्लॅक हॉक युद्धात लिंकन स्वयंसेवकांच्या तुकडीचा कॅप्टन होता, आणि न्यू सालेमचा तो आर्मस्ट्राँग त्याच तुकडीत सार्जंट. तिथं लोरेन्झो डाऊ थॉम्पसन नावाच्या गड्यानं लिंकनला पाडलं. लिंकनची माणसं फाऊल म्हणून भांडायला उठली, तेव्हा त्यानंच त्यांना गप्प केलं आणि पैजा चुकत्या करायला सांगितलं, असं त्या पिढीनं सांगून ठेवलंय. म्हणून तक्रार घेऊन येणाऱ्या गर्दीशी बोलू नका. हरलेल्या मल्लाला आणि त्याच्या वस्तादाला बाजूला घ्या. तो "पडलो" म्हणाला की गर्दीला मुद्दा उरत नाही. "आप्पा, तुम्हीच सांगा पोऱ्याले" एवढंच वस्तादाला म्हणावं लागतं.

लिंकननं तीनशे कुस्त्या मारल्या आणि एकच हरला, हे वाक्य निवेदकाच्या तोंडी घालू नका. तेव्हा कोणी मोजत बसलं नव्हतं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय कुस्ती सन्मान दालनानं 1992 साली त्याला गौरवलं, हे सांगा, ते खरं आहे.

अंग, दुखापत

उतरण्याआधी प्रत्येकाची नखं बघा, कापायला लावा. अंगठी, कडं, गळ्यातला काळा दोरा, ताईत, सगळं काढायचं. ताईत काढायला पोरं तयार नसतात. मग वस्तादाच्या हातात द्यायला लावा. नायटा, खरूज, पू भरलेली जखम असेल त्याला उतरवू नका, मातीतून ते सगळ्यांना लागतं. नाक-ओठ फुटून मातीत रक्त सांडलं तर तेवढी माती फावड्यानं काढून बाहेर टाका, वरून हळद भुरभुरवून झाकू नका.

आखाड्याजवळ हवं ते: बर्फाची पेटी, क्रेप बँडेज, साधं पाणी, मीठ-साखरेचं पाणी, आणि 108 ला आधी दिलेली कल्पना. ट्रॅक्टरची रांग रस्ता अडवणार नाही हे बघा.

मानेवर पडलेल्या मल्लाला उचलू नका. जाणता म्हणवणारा कोणीतरी पुढं येऊन मान झटका देऊन "बसवतो", त्याला तिथंच अडवा. हात-पाय हलतात का, मुंग्या येतात का, एवढंच विचारायचं, डोकं आहे तसं दोन्ही हातांनी धरून ठेवायचं आणि गाडीची वाट बघायची. खांदा निखळला तरी ओढून बसवू नका, झोळीत बांधून दवाखान्यात न्या. उन्हात चक्कर आलेल्याला सावलीत आडवा करा, मान-बगलेला ओला कपडा लावा. पूर्ण शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

इनाम आणि नुरा

इनामाचे आकडे फळ्यावर जोडीसमोर लिहा आणि पैसे दंगल सुरू होण्याआधी पाकिटात भरून ठेवा. "आप्पांकडून पाच हजार, नानांकडून दोन" असं माइकवर जाहीर होतं आणि कुस्ती संपल्यावर आप्पा सापडत नाहीत. जाहीर करायला आलेल्याकडून पैसे आधी घ्या, मग नाव पुकारा. नाव ऐकायची हौस सगळ्यांनाच असते, त्यामुळं कोणी रागावत नाही.

नुरा कुस्ती, म्हणजे आतून संगनमत करून केलेली लुटुपुटूची कुस्ती, ओळखायची खूण: दोघं डोकं लावून फिरतात, हात झटकतात, शड्डू भरपूर, पण कमरेच्या खाली कोणाचा हात जात नाही. याला कारण बऱ्याचदा समितीच असते. बरोबरी झाली तर इनाम निम्मं-निम्मं, असा नियम ठेवला की दोन मोठे मल्ल दम न लावता निम्मं घेऊन जातात. बरोबरीला प्रत्येकी पाव ठेवा, उरलेलं निम्मं यात्रा समितीला परत. शिवाय दहा मिनिटांत कोणी डाव टाकला नाही तर पंचानं थांबवून माइकवर सांगायचं. लोकांच्या शिट्ट्या बाकीचं काम करतात.

पैजा मैदानात लागू देऊ नका. 1887 चा जुगारबंदीचा कायदा अजून आहे, आणि पोलीस आले तर आधी समितीचं नाव घेतात. न्यू सालेमलाही पैजा नसत्या तर ती कुस्ती एवढी ताणली गेली नसती. भिडणाऱ्या दोघांनी ती मनावरही घेतली नाही, पुढं ते जन्माचे दोस्त झाले. 1858 साली जॅकच्या माघारी त्याच्या मुलावर, डफवर, खुनाचा खटला चालला. तेव्हा लिंकननं पैसे न घेता त्याचं वकीलपत्र घेतलं, पंचांग काढून त्या रात्री चंद्र मावळतीला टेकला होता हे दाखवलं आणि साक्षीदाराचं "चांदण्यात पाहिलं" खोटं पाडलं. डफ सुटला. निवेदकाला दोन जोडींच्या मधे सांगायला ही गोष्ट चांगली. मुलायमसिंहांचा चरखा डाव सगळ्यांनी ऐकलेला असतो, ही नवी.

बाजूची पकड दाखवायची असेल तर

शाळेच्या पोरांसमोर किंवा मुलांच्या जोडी संपल्यावर मोकळ्या दहा मिनिटांत लिंकनच्या काळची पकड दाखवता येते. एकाच वजनाचे दोन सराव झालेले मल्ल घ्या. दोघं शेजारी शेजारी, एकाच दिशेला तोंड करून उभे राहतात. आतला हात दुसऱ्याच्या पाठीमागून कमरेला, बाहेरचे हात पोटासमोर एकमेकांत अडकवलेले. आता हात सुटता कामा नये. पाडायचं ते फक्त कंबर आणि पायांनी: आतल्या पायानं अडवा, कंबर पुढं घाला, आणि खांदा फिरवून समोर टाका.

आपल्या मल्लांना हे जड जातं. हात बांधलेले असले की पटाची सवय असलेला मल्ल लाकूड होतो, आणि मिनिटभरात त्याचा हात आपोआप पकड सोडून खाली जातो. तिथं थांबवा आणि पोरांना विचारा, हा फाऊल की डाव? एकमत होत नाही. मग फळ्यावरच्या कागदाकडं बोट दाखवायचं.

ढिल्या, मऊ मातीतच दाखवा आणि पहिल्यांदा अर्ध्या जोरानं, कारण या पकडीत दोघंही एकत्र पडतात आणि खालच्याच्या बरगडीवर वरच्याचा कोपर येतो. कमरेमागचा हात पडताना मोकळा करायची सवय दोन-तीनदा करून घ्या.

दंगल संपल्यावर त्याच रात्री माती ढीग करून ताडपत्रीखाली घाला. उघडी ठेवली तर सकाळपर्यंत कुत्री आणि जनावरं त्यात लोळतात, आणि मृगाचा पाऊस पडला की तेल-हळद धुऊन जाते. उन्हाळ्यात दोनदा उलटी केली तर पुढच्या वर्षी सहाऐवजी दोनच ब्रास नवी लागते. कुट्टीची पोती मोजून ज्याची त्याला द्या, नियमांचा कागद वजनाच्या चिठ्ठ्यांसोबत समितीच्या फाईलला लावा.